वाट पाहणारं कुणीतरी



आज मी जे बोलणार आहे त्याहून जास्त माहिती तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. 'शिक्षण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर तासाभराचं भाषण लिहून दे' असं त्याला सांगितलंत, तर अर्ध्या मिनिटात भाषण तयार होईल आणि ते माझ्यापेक्षा बांधेसूद असेल. पंख्याच्या घरघरीतून कान देऊन ऐकावंही लागणार नाही. तरी तुम्ही आलात. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्यानंतर रेडिओ आला, टीव्ही आला, यूट्यूब आलं. पण सभागृहात जाऊन जित्याजागत्या माणसाचं बोलणं ऐकण्याची आपली खोड काही गेली नाही. ही नुसती हौस आहे, की शिकणं कसं घडतं याचं काही शहाणपण तिच्यात आहे? माझ्या मते आहे. आज त्याचाच माग काढायचा आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे काही विद्यार्थी पहिल्या रांगेत बसले आहेत. बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे. गुरुजींनी शिकवलेला एखादा धडा आठवतो का, असं मी त्यांना विचारणार नाही. गुरुजी आठवतात, एवढं पुरे.

आता विषयाकडे येतो. कुठल्याही शिक्षक-मेळाव्यात गेलं की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'सर, एआय आलं, आता आमचं काय होणार?' प्रश्न खोटा नाही. पोटाचा प्रश्न कधीच खोटा नसतो. पण तो शिक्षकाच्या बाजूनं विचारलेला प्रश्न आहे. मला तो मुलाच्या बाजूनं विचारायचा आहे. मूल शिकतं ते कुणासाठी? सहा वर्षांचं पोर पाटीवर 'क' काढतं आणि लगेच मान वर करतं. कुणाकडे बघतं ते? तिथं, त्या दिशेला, कुणी असायला हवं की नको? माझं आजचं सगळं बोलणं त्या वर झालेल्या मानेबद्दल आहे.

पण आधी यंत्राचं जे देणं आहे ते देऊन टाकू. आपल्याकडे अशा विषयावर बोलताना यंत्राला दोन शिव्या हासडून गुरुमहिमा गायची पद्धत आहे. टाळ्याही हमखास पडतात. मला त्या टाळ्या नकोत.

१९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं एक निबंध लिहिला. शिकवणाऱ्या जगात त्याची चर्चा अजून संपलेली नाही. त्याचं म्हणणं असं : एका मुलाला एक शिक्षक दिला, तर त्यातलं मध्यम वकुबाचं मूलसुद्धा नेहमीच्या वर्गातल्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे जातं. म्हणजे मुलं 'ढ' नसतात, वर्ग मोठा असतो! प्रत्येक मुलाला एक शिक्षक देणं कुठल्याही सरकारला परवडणार नाही. मग तेवढाच परिणाम दुसऱ्या कुठल्या मार्गानं साधता येईल का, असा प्रश्न ब्लूमनं टाकला. पुढच्या अभ्यासांनी त्याचे आकडे बरेच खाली आणले. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन या संशोधकानं तोवरच्या अभ्यासांची मोजदाद केली. माणसाच्या एकास-एक शिकवणीचा परिणाम ब्लूमनं सांगितला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. आणि चांगल्या संगणकीय शिकवणीचा? जवळजवळ माणसाच्या बरोबरीचा. लक्षात घ्या, ही २०११ ची गोष्ट आहे. आज जी बोलकी यंत्रं आपण पाहतो, ती तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये दिल्लीत 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकप्रणालीचा प्रयोग झाला. गरीब वस्त्यांतली, सरकारी शाळांत जाणारी मुलं. शाळा सुटल्यावर केंद्रात यायची. संगणक आधी मूल कुठं आहे ते पाहायचा आणि तिथून पुढे न्यायचा. तपासणीत असं दिसलं की एकाच वर्गातल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचं अंतर आहे. सहावीच्या बाकावर बसलेलं पोर गणितात तिसरी-चौथीत अडकलेलं. यात तुम्हाला नवल वाटलं नसेल. झेडपीच्या शाळेत ज्यांनी एक दिवस जरी शिकवलंय त्यांना हे माहीत असतं. बाईंनी शिकवायचं कुणाला? पुस्तक सहावीचं, परीक्षा सहावीची, मूल तिसरीचं. साडेचार महिन्यांत त्या मुलांची गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती झाली. संशोधकांनी श्रेयाचा मोठा वाटा संगणकाला दिला, आणि तो देण्यासारखाच होता. चाळीस मुलांच्या चाळीस पायऱ्या एका बाईंना एका तासात सांभाळता येत नाहीत, यंत्राला येतात.

आणखी एक देणं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र हसत नाही. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी 'अजून कळलं नाही का तुला?' म्हणत नाही. यंत्र आडनाव विचारत नाही. बापाचा धंदा विचारत नाही.

इथं जरा थांबतो, कारण 'मानवी नातं' हा शब्द आपण फार सहज, फार गोड करून वापरतो. सगळी नाती मुलाला शिकवतातच असं कोणी सांगितलं? साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा एक मुलगा वर्गात वेगळा, गोणपाटावर बसायचा. गोणपाट त्यानं घरून आणायचं आणि शाळा सुटल्यावर घरी न्यायचं. शाळेची साफसफाई करणारा गडीसुद्धा त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. तहान लागली तर नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसला तर पाणी नाही. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वर्गात शिक्षक होता, शिपाई होता, सोबती होते. माणसं भरपूर होती! त्या मुलाच्या जागी स्वतःला बसवून मग म्हणा, की शाळेत माणूस असला म्हणजे झालं. आजही एखादी मुलगी रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, मोबाइलला तो प्रश्न विचारते जो वर्गात विचारायचं तिचं धाडस होत नाही. तिला आपण काय सांगणार? की थांब, गुरू-शिष्य परंपरा फार थोर आहे?

म्हणून मी यंत्राच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. पहिला मुद्दा इथं पुरा होतो : यंत्राला शिकवता येतं, आणि काही मुलांना ते काही माणसांपेक्षा बरं शिकवतं.

मग अडतं कुठं?

लॉरेन्स होल्ट नावाचे एक अभ्यासक आहेत. शिक्षण-तंत्रज्ञानाच्या धंद्यातच त्यांची उमेदीची वर्षं गेली. अमेरिकेत नावाजलेल्या गणिताच्या शिकवणी-प्रणालींचे अहवाल त्यांनी बारकाईनं वाचले. प्रत्येक अहवालात लिहिलेलं : ज्यांनी प्रणाली ठरल्याप्रमाणे वापरली त्यांची प्रगती उत्तम. छान! पण ठरल्याप्रमाणे वापरली किती जणांनी? साधारण शंभरांतल्या पाच मुलांनी. २०२४ मध्ये त्यांनी हे लिहिलं आणि याला नावच दिलं, पाच टक्क्यांचा प्रश्न. औषध गुणकारी आहे, फक्त पंचाण्णव रोगी ते घेत नाहीत. त्याआधी २०१२ च्या सुमारास मोठमोठ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आले, तेव्हाही हेच झालं. लाखोंनी नावं नोंदवली आणि बहुतेक अभ्यासक्रमांत शेवटपर्यंत पोचले ते शंभरांतले दहासुद्धा नव्हते. पेरू देशानं तर लाखो मुलांच्या हातात लॅपटॉप ठेवले. २०१२ मध्ये पाहणीचा अहवाल आला. गणितात फरक नाही, भाषेत फरक नाही.

का? मुलं आळशी आहेत म्हणून? तसं असेल तर आपण या सभागृहातले सगळेच आळशी आहोत. व्यायामाचं ॲप कितीजणांच्या मोबाइलमध्ये आहे, हात वर करायला सांगत नाही.

आता मी तुम्हाला दक्षिण भारतातल्या एका तमिळ गावात नेतो. गावाचं नाव कळिकुप्पम. सुगत मित्रा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजी भागात झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत त्यांनी संगणक बसवला आणि कुणी न शिकवता पोरं तो वापरायला शिकली. त्यांचाच पुढचा प्रयोग कळिकुप्पमचा. तमिळ बोलणारी मुलं, आणि संगणकावर इंग्रजीतून जैवतंत्रज्ञान. शिक्षक नाही. मुलांना हे अजिबात जमणार नाही, असं मित्रांनाच वाटत होतं. सुरुवातीला गुण जवळजवळ शून्य. काही महिन्यांनी तीस टक्के. हेच मुळात चकित करणारं आहे. पण मुलं तीसवर अडली. मग मित्रांनी काय केलं? जैवतंत्रज्ञानाचा शिक्षक आणला नाही. त्याच भागातली, मुलांच्या ओळखीची एक तरुणी आणली. तिला तो विषय येत नव्हता. तिला सांगितलं, तू फक्त यांच्या मागे उभी राहा आणि आजी करते तसं कर. 'अगं बाई, हे तुला कसं गं जमलं? मला पुन्हा दाखव बघू!' बस्स, एवढंच. गुण पन्नासवर गेले.

मित्रांच्या सगळ्या दाव्यांशी मी सहमत नाही. 'शिक्षक नको, संगणक पुरे' असा त्यांच्या प्रयोगांचा अर्थ लावणारे पुष्कळ निघाले, आणि त्यांनी तो लावू दिला असं मला वाटतं. पण त्यांच्याच प्रयोगातली ही तरुणी त्यांच्या विरुद्ध साक्ष देते. तीसपासून पन्नासपर्यंतचं अंतर ज्ञानानं भरलं नाही, कारण ज्ञान तिच्याकडे नव्हतंच. मग तिच्याकडे होतं काय?

तुम्ही म्हणाल कौतुक. डीएडच्या पहिल्या वर्षाला हेच उत्तर लिहिलं तर गुणही मिळतील. पण मग हा पुढचा प्रश्न घ्या : कौतुक तर यंत्रही करतं! खरं तर यंत्र फारच कौतुक करतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या चॅटजीपीटीतली एक नवी सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण ते यंत्र उठसूट लोकांची खुशामत करू लागलं होतं. काहीही सांगा, 'वा, काय सुंदर कल्पना!' मग मुलांना कौतुकच हवं असेल, तर ही तरुणी कशाला? यंत्र आहे की. चोवीस तास. न थकता.

त्या 'न थकता'मध्येच मेख आहे.

ती तरुणी थकते. तिला घरी कामं आहेत. तिच्याकडे दिवसाचे ठरावीक तास आहेत, आणि त्यातला एक तास ती या पोरांच्या पाठीमागे उभी राहण्यात घालवते. मुलांना हे कळतं. मुलांना दशांश अपूर्णांक कळायला वेळ लागेल, पण आपल्यासाठी कुणी आपला वेळ खर्च करतंय हे त्यांना लगेच कळतं. ती उद्या येणार आहे आणि 'काल कुठपर्यंत आला होतात?' असं विचारणार आहे. काही केलं नसेल तर तिचा चेहरा पडणार आहे. यंत्राचा चेहरा पडत नाही. यंत्राचं लक्ष अमर्याद आहे, म्हणून ते कुणाला दिलं तरी कुणाचं कमी होत नाही, आणि म्हणूनच ते मिळाल्याचं अप्रूप नाही. माणसाचं लक्ष थोडं असतं. चाळीस मुलांतून बाईंनी आज माझी वही हातात घेतली, यात दुसऱ्या कुणाची घेतली नाही हेही येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मी ते सावकाश सांगतो, कारण व्याख्यानात पुस्तकासारखं मागचं पान उलटता येत नाही. समजावून सांगण्याचं काम यंत्र करील. शिकण्याची वाट पाहण्याचं काम माणसाचं आहे. ज्या मुलाची कुणी वाट पाहत नाही, त्याच्या हातात जगातलं सर्वांत हुशार यंत्र ठेवलं तरी ते त्या पंचाण्णवांत जाऊन बसतं.

मघाशी साताऱ्याचा तो मुलगा गोणपाटावर आपण बसवून ठेवला होता. पुढे तो मुंबईला आला. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसायचा. तिथंच फिरायला येणाऱ्या एका शिक्षकाच्या तो नजरेस पडला. कृष्णराव अर्जुन केळुसकर. ते काही भीमरावाचे वर्गशिक्षक नव्हते, दुसऱ्याच शाळेत होते. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. मुलाच्या सत्काराच्या सभेला आले आणि स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढच्या शिक्षणाचे पैसे संपले तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. या सगळ्यात केळुसकरांनी त्याला 'शिकवलं' किती? बागेत वाचत बसलेल्या मुलाकडे बघून ते थांबले, यावर पुढचं किती उभं राहिलं! पुस्तक यंत्रही सुचवतं. कुणाच्या दारात जाऊन 'या मुलाला मदत करा' असं स्वतःच्या नावावर सांगणं, त्यात आपली पत खर्च करणं, हे यंत्र करत नाही, कारण त्याला खर्चायला पतच नाही.

आणि यंत्र शोधायला येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला जे केलं ते डीएडच्या मुलांना परीक्षेपुरतं पाठ असतं. बालवाडीत मुलं येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. जरा मोठी मुलं गुरं राखायला जातात, तर शाळाच कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. आता विचार करा, त्या वेळी कोसबाडच्या टेकडीवर उत्तम एआय असतं, सौरऊर्जेवर चालणारं, वारली बोलणारं. ते काय करत राहिलं असतं? वाट बघत बसलं असतं, कुणी येऊन बटण दाबायची. मूल का आलं नाही, हे विचारायला पाड्यावर कोण गेलं असतं? कुणी म्हणेल, नोटिफिकेशन जाते ना! जाते. नोटिफिकेशनचं आपण काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. वाट पाहणारं कुणी नसेल तर मूल फक्त यंत्र सोडून देतं असं नाही. कधीकधी ते यंत्राला फार चिकटतं. हे जास्त वाईट.

तुर्कस्तानातल्या एका हायस्कुलात जवळजवळ हजार मुलांवर एक प्रयोग झाला. विषय गणित. काहींना नेहमीसारखी वही-पुस्तकं, काहींना साधं चॅटजीपीटीसारखं यंत्र, आणि काहींना तेच यंत्र, पण उत्तर न सांगता फक्त वाट दाखवणारं. सरावाच्या वेळी साध्या यंत्राच्या मुलांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. शिक्षकासारखं वागणाऱ्या यंत्राच्या मुलांचे तर १२७ टक्क्यांनी. जाहिरात इथंच संपते! मग यंत्र काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. साध्या यंत्रावर सराव केलेली मुलं, ज्यांनी यंत्राला हातच लावला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या मुलांचं नुकसान झालं नाही, पण सरावातली ती भरारी परीक्षेत कुठं दिसलीही नाही. उत्तर मिळालं होतं, गणित आलं नव्हतं.

याचा अर्थ यंत्र वाईट? नाही. मुलानं यंत्राला 'उत्तर सांग' म्हटलं, त्यानं सांगितलं. अवघड जागी मूल रेंगाळावं, घामाघूम व्हावं, यासाठी त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. 'अजून पाच मिनिटं बघ, मी इथंच आहे' असं म्हणणारं कुणी. त्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग नसेल तर पहिल्या अर्ध्याला काही किंमत नाही.

यंत्र तेही वाक्य उच्चारू शकेल, असा आक्षेप येईल. येऊ द्या. १९६६ मध्ये जोसेफ वायझनबाउम या एमआयटीतल्या प्राध्यापकानं 'एलायझा' नावाचा एक छोटासा संगणक-प्रोग्रॅम लिहिला. आपण टाइप करायचं, त्यानं त्यातलेच शब्द फिरवून प्रश्न विचारायचे. मनोविकारतज्ज्ञ विचारतात तसे. समज शून्य. वायझनबाउमच्या सेक्रेटरीनं तो महिनोन् महिने तयार होताना पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात ती वायझनबाउमना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? वायझनबाउम हादरले. पुढचं आयुष्य त्यांनी संगणकावर काय सोपवू नये हे सांगण्यात घालवलं. आपण माणसं अशी आहोत. समोरून दोन शब्द आले की आपण तिथं एक मन कल्पतो. मोठी बाई, सगळं ठाऊक असूनही. मग आठ वर्षांच्या मुलाचं काय? 'मी इथंच आहे' हे वाक्य यंत्राच्या तोंडी घालणं सोपं आहे, आणि म्हणूनच ते घालताना दहादा विचार करायला हवा. मूल त्यावर विश्वास ठेवील, आणि त्या खोलीत प्रत्यक्षात कुणीच नसेल.

तर मग यंत्र बसवायचं कुठं? माझ्या मते मुलाच्या आणि शिक्षकाच्या मध्ये नाही, शिक्षकाच्या मागे. हे माझं एकट्याचं मत नव्हे. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असाच प्रयोग केला. नऊशे शिकवणारे, अठराशे मुलं, संगणकावरून गणिताची शिकवणी. एआय मुलांशी बोलत नव्हतं. ते शिकवणाऱ्याच्या कानाशी लागत होतं : उत्तर सांगू नकोस, आता हा प्रश्न विचारून बघ. मुलांच्या यशात सरासरी चार टक्क्यांची भर पडली. पण शिकवण्यात जे कच्चे होते, त्यांच्या मुलांच्या यशात नऊ टक्क्यांची. खर्च एका शिक्षकामागे वर्षाला वीस डॉलर. नवख्या शिक्षकाच्या पाठीशी एखादे अनुभवी मुख्याध्यापक उभे असावेत तसं. त्याच वर्षी नायजेरियात, बेनिन शहरात, शाळा सुटल्यावर सहा आठवडे मुलं एआयबरोबर इंग्रजी शिकली. एका संगणकावर दोघं-दोघं बसायची आणि खोलीत शिक्षक असायचे. निकाल उत्तम आला. बातम्यांत एआयचं नाव आलं. शिक्षक खोलीत होते हे वाक्य बातमीत सापडायला जरा खाली जावं लागायचं.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे, फक्त यंत्राशिवायची. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेनं मुंबईत आणि बडोद्यात 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा पुरी केलेल्या मुली. प्रशिक्षण दोन आठवड्यांचं. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास त्यांच्याकडे. मुलं वाचू लागली, हिशेब करू लागली. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या अभ्यासात या बालसख्या आहेत. बडोद्यात त्याच सुमारास संगणकावर गणिताचे खेळही देऊन पाहिले होते, आणि गणितात त्यांचा परिणाम बालसख्यांपेक्षा मोठा होता. मी हे लपवत नाही. पण मला दोहोंत निवड करायचीच नाही. अशा बालसखीच्या हातात आजचं यंत्र द्या! मेळघाटात शिकवणाऱ्या, कोरकूचा एक शब्द न येणाऱ्या नव्या शिक्षकाच्या हातात द्या. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे, मुंडा कुळातली. त्याला पहिल्या दिवशी मुलांचं काही म्हणता काही कळत नाही. त्याला यंत्रानं दहा शब्द शिकवले आणि त्यानं ते चुकीच्या उच्चारांत वर्गात म्हटले, तर मुलं खदाखदा हसतील. हसू द्या. तिथून वर्ग सुरू होईल.

राहिला वेळेचा प्रश्न. कुठल्याही झेडपी शिक्षकाला विचारा, दिवस कुठं जातो. युडायस, पोषण आहाराच्या नोंदी, ही लिंक भरा, तो फोटो टाका, मतदारयादी, सर्वेक्षण. मुलांसाठी उरतो तो उरलेला वेळ. यातलं लिहिण्या-मोजण्याचं अर्धं काम आजचं यंत्र करू शकतं. ते करू दे! पण वाचलेला तास जातो कुठं, यावर माझी नजर आहे. तो तास मुलांकडे आला तर एआयसारखा मित्र नाही. तो तास 'आता शिक्षक कमी लागतील' या हिशेबात गेला, तर मला भीती वाटते. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिलेले आहेत. उद्या कुणी म्हणेल, एक शिक्षक आणि एक टॅब, जमलं की. शहरातल्या महागड्या शाळा काय जाहिरात करतील? 'आमच्याकडे वर्गात फक्त पंधरा मुलं आणि प्रत्येकाकडे लक्ष देणारे शिक्षक.' म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांना माणसं, आणि पाड्यावरच्या मुलांना यंत्र. वेगळं बसवायला मग गोणपाटाचीही गरज राहणार नाही.

म्हणून इथं जे पालक आहेत त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बहुतेक ठिकाणी ही समिती सहीपुरती भेटते, तेही ठाऊक आहे. उद्या शाळेत एआयचे टॅब येणार असं कळलं, तर टॅब कुठल्या कंपनीचा आणि त्याची मेमरी किती, हे विचारू नका. मूल त्यावर बसेल तेव्हा खोलीत कोण असेल, ते विचारा. सलग चार दिवस एखाद्या मुलानं तो उघडलाच नाही, तर ते कुणाला कळेल, आणि कळल्यावर त्याच्या घरी कोण जाईल, ते विचारा. मुलं त्याच्याशी जे बोलतील ते कुठं साठवलं जाईल आणि कोण वाचेल, तेही विचारा. शाळेतली शिक्षकाची रिकामी जागा भरण्याच्या प्रस्तावाचं पुढे काय झालं, हेही त्याच बैठकीत, त्याच दमात विचारा. विषयपत्रिकेवर नसेल तर 'ऐनवेळचे विषय' या सदरात घ्या. मात्र हे सगळं टॅबवाटपाच्या समारंभाआधीच्या बैठकीत व्हायला हवं. हार घालून फोटो निघाले की मग इतिवृत्तात फक्त आभाराचा ठराव येतो.